रॅम्पवर निदान चालता तरी यायला हवं

फॅशन वीकचे फोटो आले की खाली पहिली कमेंट ठरलेली, "हे घालून कोण फिरणार?" प्रश्न अजिबात चुकीचा नाही, पण तो सरसकट प्रत्येक कपड्याला विचारला जातो ना, तिथे मला राहवत नाही.

मुळात रॅम्पवर दिसतं ते सगळं जसंच्या तसं दुकानात येतच नाही. शो झाला की दुकानांचे बायर्स शोरूममध्ये जातात आणि तिथे त्याच कलेक्शनचे विकायचे कपडे लावलेले असतात, पारदर्शक कापडाला अस्तर लागलेलं, खांदे जरा आवरलेले, लांबी कमी केलेली. शिवाय बऱ्याच मोठ्या ब्रँड्सचं पोट बॅगा, परफ्यूम आणि चपला-बुटांवर भरतं, रॅम्पवरच्या ड्रेसवर नाही. आणि ओत कुतूर, म्हणजे मापाने शिवलेली अतिमहागडी फॅशन, तर वेगळंच प्रकरण, पॅरिसमध्ये हे नाव 1945 पासून कायद्याने राखलेलं आहे, कुणीही उठून लावायचं नाही, तिथे कपडा एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने, बराचसा हातानेच शिवला जातो. त्यामुळे शोपीस हा शोपीस असतो हे मला मान्य आहे. तो बसमध्ये घालता यावा अशी अपेक्षा नाहीच.

डिझायनर हुसेन चलायनचा 2000 सालचा लंडनचा शो जमलं तर व्हिडिओवर बघा. स्टेजवर साधी बैठकीची खोली, खुर्च्या आणि मधे एक गोल लाकडी टेबल. मॉडेल्स येतात, खुर्च्यांची कव्हरं काढतात आणि अंगात घालतात, ती कव्हरं म्हणजेच ड्रेस, मग खुर्च्या घडी होऊन सुटकेस होतात, आणि शेवटी एकजण टेबलाच्या मधल्या भोकात उभी राहते, ते वर ओढते आणि लाकडाची एकात एक बसलेली वर्तुळं उलगडून कमरेपासून खाली स्कर्ट तयार होतो. चलायन मूळचा सायप्रसचा, आणि विषय होता घरदार सोडून एका रात्रीत पळावं लागणाऱ्या माणसांचा, म्हणजे घरातलं जे नेता येईल ते अंगावर घालून न्यायचं. आता लाकडाचा स्कर्ट कोण घालणार असं इथे विचारवतच नाही, कारण तो घालणं हाच तर मुद्दा आहे, आणि ती मॉडेल तो घालून व्यवस्थित चालत जाते!

माझी अट एवढीच आहे. कपडा कितीही अचाट असू दे, आतलं माणूस त्यात हललं पाहिजे. म्हणून 1993 मध्ये डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूडच्या शोमध्ये अतिउंच शूजमुळे मॉडेल नाओमी कॅम्पबेल पडली त्याचं कौतुक मला पटत नाही, ती हसत उठली हा तिचा मोठेपणा, ते शूज आता लंडनच्या म्युझियममध्ये आहेत आणि बघायला सुंदरच आहेत, पण पायाचा विचार त्यात नाही. डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन माझा जीव की प्राण, तरी 2009 च्या शोमधले ते साधारण 12 इंच उंच आर्माडिलो बूट घालायला काही मॉडेल्सनी नकार दिला तेव्हा मी मनाने त्या मुलींच्याच बाजूला होते.

याच्या बरोब्बर उलट जपानी डिझायनर रेई कावाकुबो. तिच्या 1997 च्या समर कलेक्शनमध्ये चेक्सच्या ताणल्या जाणाऱ्या कापडात पॅडिंग भरून पाठीवर, कुल्ल्यांवर, पोटावर उंचवटे काढलेले होते, लोक हादरले, कुरूप म्हणाले, आणि त्याच वर्षी नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमच्या नृत्यात डान्सर्स तसेच कपडे घालून चक्क नाचले. दिसायला सगळ्यात "न घालण्यासारखा" कपडा आणि त्यात नाचता येतंय, म्हणजे बघा.

खरा उधळेपणा मला वाटतो तो सेटचा. शनेलने 2017 मध्ये पॅरिसच्या ग्रां पाले या भव्य हॉलमध्ये आख्खं रॉकेट उभं केलं होतं, ते धूर सोडत वर उचललं गेलं, सगळ्यांना रॉकेट आठवतं, त्या दिवशीचं एक जॅकेट आठवून सांगा बरं. ट्वीडवर, म्हणजे शनेलच्या त्या जाड लोकरी कापडावर, एवढी मेहनत घेणारे कारागीर असताना नजर छताकडे न्यायची म्हणजे त्यांच्यावर अन्यायच आहे.

विक्टर अँड रोल्फ या डिझायनर जोडीचे 2023 चे उलटे गाऊन मात्र मला प्रचंड आवडले, घेर वर, चोळीचा भाग खाली, एक तर अंगापासून सुटून मॉडेलच्या पुढे तरंगतोय असा. फोटो बघून अनेकांना ते एडिट केलेले वाटतात, पण व्हिडिओत ती मुलगी त्याच्यासकट सरळ चालत येते, एकदाही हाताने सावरत नाही. तो घेर आतून कशावर तोललाय, वजन खांद्यावर घेतलंय की कमरेवर, हे कुणी उसवून दाखवलं तर मी तासभर बघत बसेन.