अडुळशाच्या पोत्यात महारुख

वाळलेल्या अडुळशाचं पोतं तपासणीला आलं की आम्ही नमुना वरून, मधून आणि तळातून काढतो. या मालात वरचा थर अस्सल होता. भाल्यासारखी लांबट, टोकदार पानं, जवळपास सलग कडा, मधल्या शिरेतून फुटलेल्या उपशिरांच्या आठ ते बारा जोड्या. सोबत आलेल्या काड्यांच्या पेरांवर देठांचे वणही समोरासमोर. तळातला चुरा मात्र खटकला. रंग तसाच पिवळट हिरवा, पण एका तुकड्याला मोठे दाते आणि बुडखा तिरका. अडुळशाचं पान देठाशी दोन्ही अंगांनी सारखंच निमुळतं होतं. तिरका बुडखा ही महारुख या वृक्षाच्या पर्णिकेची, म्हणजे संयुक्त पानातल्या एकेका छोट्या पानाची खूण.

चुऱ्यात प्रत्येक वेळी बुडखा हाती लागेलच असं नाही. म्हणून तुकडे क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात उकळून पारदर्शक केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. अडुळशाच्या पानात त्वचेखाली कॅल्शियम कार्बोनेटचे लांबुळके खडे असतात. काचपट्टीच्या कडेनं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला की ते बुडबुडे सोडत विरघळतात. आम्ल सोडण्याआधी नीट पाहून घ्यावं, नाहीतर अडकलेली हवाच बुडबुडा वाटते. रंध्राच्या, म्हणजे पानाच्या त्वचेवरच्या सूक्ष्म छिद्राच्या, दोन सोबती पेशीही त्याला आडव्या बसलेल्या असतात. तळातल्या तुकड्यांत यातलं काहीच नव्हतं. माल परत गेला, आणि जायलाच हवा होता: खोकल्यावर अडुळसा मागणाऱ्याला दुसऱ्याच कुळातल्या वृक्षाचा पाला देणं ही रुग्णाची फसवणूक आहे.

खरं तर अडुळशाचं झुडूप बारमाही हिरवं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ताजं पान कायम मिळतं. पण ते नुसतं कुटून रस जेमतेम निघतो. त्यासाठीच पुटपाक सांगितला आहे: पानं वाटून गोळा करायचा, वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळायचा, वर दोन बोटं जाडीचा मातीचा लेप द्यायचा आणि माती लाल होईपर्यंत गोवऱ्यांत भाजायचा. मग आतला गोळा गरम असतानाच फडक्यातून पिळायचा. लेप पातळ राहिला तर तडकतो आणि आतला पाला करपतो. रस मधातून देतात. अडुळशातल्या वासिसिन या द्रव्यानं गर्भाशय आकुंचन पावतं, त्यामुळे गरोदर बाईला तो अजिबात देऊ नये.