मासोया कुठी हायेत?

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीच्या हट्टापायी अकोल्याहून काचेची टाकी आणली. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. काठोकाठ भरली तर 56 लिटर, वर थोडी जागा सोडली की 50. दुचाकीवर मागे साळा, त्याच्या मांडीवर टाकी आणि माझ्या गळ्यात माशांची पिशवी. दोन गोल्डफिश, चार काळ्या मोली. दुकानदार म्हणाला होता, "रातभर मोटर चालू ठेवा, सकाळी मासे सोडून द्या. काही होत नाही."

चौथ्या दिवशी पहिला गोल्डफिश गेला. आदल्या रात्री तो पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून हापसत होता, कल्ले लालभडक. सहाव्या दिवशी दुसरा. आठवड्यात दोन मोली. पोरीने चौघांना पारिजातकाखाली पुरलं. गर्मीनं गेले, असं मी तिला सांगितलं. 45 डिग्रीच्या मे महिन्यात ते कुणालाही पटावं, मलाही पटलं होतं. उरलेल्या दोन मोली गोठ्याजवळच्या हौदात टाकल्या. मरायच्याच आहेत तर मोकळ्या पाण्यात मराव्या, एवढाच विचार.

माझं शिक्षण कृषी पदविकेचं. युरिया टाकला की मातीत त्याचा अमोनियम होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट, आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची मुळं मुख्यतः ते नायट्रेट ओढतात. नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर ही नावं परीक्षेत लिहून मार्क घेतलेले. पण घरातल्या काचेच्या डब्यातही हेच व्हायला लागतं, हे डोक्यात यायला चार मासे मरावे लागले. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, उरलेलं खाद्य सडून आणखी अमोनिया होतो. नदीत, तळ्यात तो खाणारे जिवाणू दगडागोट्यांवर बसलेले असतात. नव्या टाकीत ते नसतात. गोल्डफिश बिचारे स्वतःच्याच मुतात कोंडले गेले होते.

त्यात आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्याचा पीएच मोजला तर 8.3 च्या आसपास. अमोनियाचं असं आहे की पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक बरंचसं निरुपद्रवी, दुसरं जहाल. पीएच 7 आणि 25 डिग्रीला जहाल भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. 8.3 आणि 32 डिग्रीला तो 15 टक्क्यांच्या आसपास जातो. पाण्यात अमोनिया तेवढाच, विष पंचवीस-तीस पट. तेव्हा गर्मीनं गेले हे मी पोरीला सांगितलं ते निम्मं खरं निघालं.

मासे न सोडता आधी जिवाणू वाढवायचे असं ठरवलं. तपासणीचं किट मागवलं, ते तालुक्याला येऊन पडलं तेव्हा मृग लागला होता. जिवाणूंना खायला अमोनिया तर द्यायला हवा. बाबा म्हणाले, "चिमूटभर युरिया टाकून दे ना, ओसरीत थैला पडलाच हाय." पण युरियाचा अमोनिया व्हायलाही आधी दुसरे जिवाणू लागतात, आणि किती झाला याचा हिशेब राहत नाही. मला हवा होता नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाले वापरतात तोच.

किराणा दुकानात मागितला तर मालकाने चष्म्यावरून पाहिलं. "कितीक देऊ? अन् गूळ?" शेजारी उभे असलेले दोघं हसले. आमच्याकडे नवसागर आणि गूळ एकदम कोण नेतं ते सगळ्यांना माहीत आहे, हातभट्टीवाले. माशांसाठी पाहिजे म्हटल्यावर तर आणखीनच हसले. शेवटी 50 ग्रॅमची पुडी मिळाली.

माप काढायला बसलो. 50 लिटर पाण्यात दोन पीपीएम, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया पाहिजे तर नवसागर लागतो साधारण 0.3 ग्रॅम. एवढा बारीक काटा घरात कुठला? सराफाकडे गेलो, एक तोळा, म्हणजे 10 ग्रॅम नवसागर तोलून घेतला आणि लिटरभर पाण्यात विरघळवून बाटलीवर चिठ्ठी लावली. आता 30 मिली द्रावण म्हणजे 0.3 ग्रॅम. 10 मिलीची सिरिंज नवी आणली, तीनदा भरून सोडायची. घरात मापं ढीगभर पडली आहेत, पण सगळी फवारणीच्या औषधांची. त्यांना टाकीच्या वाऱ्यालाही उभं करू नये.

12 जूनला सुरुवात केली. निम्मं पाणी बोअरचं, निम्मं नळाचं. नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणूंनाच मारतं, म्हणून क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे टाकून घेतलं. तळाला धुतलेली रेती, कोपऱ्यात स्पंज फिल्टर, त्याला एअर पंप. 30 मिली सोडले, अर्ध्या तासाने तपासलं. किटच्या नळीतलं पिवळं पाणी मुगासारखं हिरवं झालं, किटच्या रंगतक्त्यावर बरोबर 2. किराण्याचा नवसागर निदान खोटा नव्हता.

नायट्रेटही तपासलं, उत्सुकता म्हणून. टाकी सुरू व्हायच्या आधीच बोअरच्या पाण्यात ते दिसलं, तक्त्यावर वीसच्या रंगाला. आमच्या शेतांतलं खत पाझरून कुठे जातं त्याचा तो हिशेब. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाची मर्यादा 45 आहे. शहानूरचा नळ यायच्या आधी आम्ही लहानपणापासून हेच पीत होतो.

मग दहा दिवस काहीच नाही. रोज रात्री जेवण झालं की नळी भरायची, थेंब टाकायचे, हलवायची, पाच मिनिटं थांबायचं, हिरवीच. आई म्हणायची, "काहून रे, नुसतं पानी पायत बसतं?" गल्लीतली पोरं खिडकीला नाक लावून विचारायची, "काका, मासोया कुठी हायेत?" येतीन म्हणालो. पेरणी सुरू झाली होती, दिवसभर शेतात आणि रात्री नळ्या. विरजण लावलं की सकाळी दही होतं, कारण ते जिवाणू तासाभरात दुप्पट होतात. हे लेकाचे दुप्पट व्हायला अख्खा दिवस घेतात, कधी त्याहून जास्त.

अकराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत फिकट जांभळी झाक आली. कपाशीला पहिलं दोन पानी रोप दिसतं तेव्हा जसं होतं तसंच झालं, खोटं कशाला सांगू. दोन दिवसांनी वादळ आलं, डीपीजवळ लिंबाची फांदी तारेवर पडली आणि सोळा तास लाइन नाही. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. पाणी फिरलं नाही तर स्पंजाच्या आत ते गुदमरतात. फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी काढली, तिला गाडीत लावायचा मोबाइल चार्जर जोडला आणि त्यावर यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप. रात्रभर बुडबुडे आले. घरात पंखा बंद, टाकीत हवा चालू. बायको काय म्हणाली ते लिहीत नाही.

सोळाव्या दिवशी अमोनिया चोवीस तासांत शून्य. इथे मी चूक केली. अर्धी लढाई जिंकली म्हणून रोजच्या रोज 30 मिली सोडत राहिलो, त्यांची उपासमार होऊ नये म्हणून. एका भाग अमोनियाचं 2.7 भाग नायट्राइट होतं. म्हणजे रोज साडेपाच पीपीएमची भर, आणि किटचा शेवटचा रंगच 5 चा. बारा दिवस नळी वांग्याच्या सालीसारखी जांभळी, कालच्यात आणि आजच्यात फरक कळेना. अठ्ठाविसाव्या दिवशी एक भाग टाकीचं पाणी आणि नऊ भाग विकतचं बाटलीबंद पाणी असं पातळ करून पाहिलं. तरीही शेवटचाच रंग. म्हणजे पन्नास किंवा त्याच्याही वर. इतक्या नायट्राइटमध्ये ते खाणारे जिवाणूही नीट वाढत नाहीत. जास्त युरियानं पऱ्हाटी जळते हे मी दुसऱ्यांना सांगत फिरतो.

निम्मं पाणी काढलं, दुसऱ्या दिवशी परत निम्मं. मात्रा 10 मिली, तीही दिवसाआड.

त्याच संध्याकाळी बैलांना पाणी पाजताना हौदाच्या कडेला काळं काहीतरी हललं. मोली. दोन्ही जिवंत, तुकतुकीत, पोट सुटलेल्या. ना फिल्टर, ना पंप, बैलांची लाळ पडते, कडब्याचा चुरा पडतो, तरी मजेत. हौद दीडेक हजार लिटरचा, भिंतींवर बोटभर शेवाळ आणि तळाच्या दगडांवर बुळबुळीत थर. त्या बुळबुळीत थरातच तर ते जिवाणू असतात, जे मी दोन फुटांच्या काचेत महिनाभर वाढवत बसलो होतो. विरजण गोठ्याशेजारी होतं.

खारं पाणी मोलीला मानवतं हेही खरं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्त प्राणवायू धरेनासं होतं, पण पाण्यात मिठातलं क्लोराइड असलं तर ते वाटेतच त्याला अडवतं. म्हणून मासेवाले नायट्राइट वाढलं की मीठ टाकतात. जे पाणी पीएचमुळे अमोनियाला जहाल करतं, तेच नायट्राइटच्या बाबतीत थोडं सांभाळून घेतं. आमच्या पाण्याचं कौतुक करायची वेळ फार कमी येते म्हणून मुद्दाम लिहिलं.

हौदातले मुठीएवढे सात-आठ दगड काढले, न घासता, ओलेच, टाकीत रचले. हा हौद गुरांसाठीच आहे, फवारणीचा पंप त्यात कधी भरत नाही, म्हणून हिंमत केली. नाहीतर शेतातलं काही टाकीत नेणं म्हणजे विषाशी खेळ. दगडांबरोबर गोगलगायी आल्या, त्या अजून आहेत.

पस्तिसाव्या दिवशी जांभळा रंग उतरू लागला. दगडांनी काम केलं, की पाणी बदलल्यानं, की वेळच झाली होती, ते सांगता येणार नाही. एका वाचनात असंही कळलं की मत्स्यटाक्यांत नायट्राइट खाणारा मुख्य जिवाणू नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा आहे, हे 1998 सालीच दाखवून झालंय. आम्ही पदविकेला नायट्रोबॅक्टरच लिहीत होतो. चाळिसाव्या दिवशी रात्री पूर्ण 30 मिली सोडले. एक्केचाळिसाव्या दिवशी रात्री अमोनियाची नळी पिवळी, नायट्राइटची आकाशी आणि नायट्रेटची कुंकवासारखी लाल. पाऊण टाकी पाणी बदललं.

मोली आणायला पोरीला घेऊन हौदावर गेलो, चाळणी बुडवली तर त्यात दोन नाही, जिऱ्याएवढी पिल्लं वळवळत होती. मोली अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, हे विसरलोच होतो. मोठ्या दोघी आणि थोडी वाढलेली चार पिल्लं तेवढी आणली, बाकी हौदात राहू दिली, डासांच्या अळ्या खायला. टाकीतही एकदम गर्दी केली नाही, जिवाणू जितके पोसलेत तितकाच अमोनिया झेपतो. आठवडाभर रोज तपासलं. दोनदा आईनं गुपचूप भाकरीचा चुरा टाकला तेव्हा किंचित हिरवट आलं, दुसऱ्या दिवशी परत पिवळं.

नायट्रेट मात्र टाकीत कुणी फारसं खात नाही, ते साठत जातं, म्हणून दर रविवारी दोन बादल्या पाणी बदलतो. पहिल्या रविवारी ते मोरीत ओतलं. दुसऱ्या रविवारी आईच्या वांग्यांना घातलं. आता बुधवारीच ती बादली घेऊन दारात उभी राहते.

"आज पानी नाई बदलवत का रे?"