खा मार, म्हणजे बसा की!

नेदरलँड्सला येऊन जेमतेम महिना झाला होता. उत्रेख्तमध्ये दाताच्या डॉक्टरकडे गेले, तर टेबलापलीकडची बाई गोड हसून म्हणाली, "खा मार झिटन." दात आधीच ठणकत होता, त्यात ही मार खायला सांगतेय! नंतर उलगडा झाला. ‘खा’ म्हणजे जा, ‘झिटन’ म्हणजे बसणं. मधल्या ‘मार’चा एरवीचा अर्थ ‘पण’, इथे मात्र तो आपला ‘की’. "बसा की", एवढंच बिचारी म्हणत होती. लिहिताना ग लिहायचा आणि घशातून ख काढायचा, ही इथली रीतच आहे.

त्याच आठवड्यात ट्रॅममध्ये एक आई पोरावर ओरडली, "नीट डून!" मला वाटलं, नीट बस म्हणतेय. तर डचमध्ये ‘नीट’ म्हणजे चक्क नकार. "करू नकोस!"

आज्ञार्थाशी माझी गाठ पडली ती अशी. पुढे तो माझ्या कामाचाच विषय झाला. सांगलीला मी बारा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. इथे दर गुरुवारी सकाळी आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात सहा-सात आजी-आजोबांचा इंग्रजीचा वर्ग घेते. डच माणसाला इंग्रजी शिकवणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा शिकवणं, हे मला मान्य आहे. टीव्हीवरचे इंग्रजी कार्यक्रम इथे आवाज न बदलता, खाली डच ओळी देऊन दाखवतात आणि प्राथमिक शाळेत 1986 पासून इंग्रजी सक्तीचं आहे. पण माझे विद्यार्थी त्याच्या कितीतरी आधी शाळेतून बाहेर पडले. त्यांना कळतं सगळं, बोलताना मात्र गाडी अडते.

त्यातल्या एका आजोबांचा मुलगा लीड्सला असतो. इंग्रज सुनेचं मत असं की सासरे तिरसट आहेत. पहिल्याच भेटीत ते तिला म्हणाले होते, "सिट." मग जेवताना, "गिव्ह मी द बटर." आजोबांना आपलं काय चुकलं तेच कळेना. व्याकरणाने तर दोन्ही वाक्यं बरोबर!

मी त्यांना विचारलं, घरी डचमध्ये लोणी कसं मागता? ते म्हणाले, "खेफ दे बोटर एन्स एव्हन." हे ‘एन्स’ आणि ‘एव्हन’ म्हणजे आपलं ‘जरा’, ‘बघू’. जरा दे बघू लोणी. इंग्रजीत त्याला शब्द सापडेना, म्हणून आजोबांनी ते गाळलं आणि मागे उरला नुसता हुकूम. ‘सिट’ तर इंग्रज माणूस कुत्र्याला म्हणतो. हे सांगितल्यावर आजोबा लाल झाले, कारण डचमध्येसुद्धा कुत्र्यालाच ‘झिट’ म्हणतात, माणसाला ‘खा मार झिटन’.

या बारक्या शब्दांवर डच लोकांचा भारी जीव. सहा-सहा शब्द एका ओळीत लावलेलं एक वाक्य इथल्या भाषाअभ्यासकांचं आवडतं आहे: "खेफ दे बूकन दान न्यू तोख मार एन्स एव्हन हिर." इंग्रजीत याचं काय करणार? मराठीत मात्र झोकात होतं: "अरे, दे की आता ती पुस्तकं जरा इकडे, बघू." इंग्रजीला हे ना-की-जरा ठाऊकच नाही. ती आज्ञा सोडून प्रश्नाचा आडोसा घेते, "कुड यू पास द बटर?" डच आजोबांना हा प्रकार लबाडीचा वाटतो. लोणी हवंय ना, मग माझ्या क्षमतेची चौकशी कशाला? मला मनातून पटतं, पण शिक्षिका म्हणून मान हलवता येत नाही.

एक आजी पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या. पेशंटना अदबीने ‘खाट यू झिटन’, म्हणजे ‘तुम्ही बसा’, म्हणायची त्यांना सवय. (हा डच ‘यू’ म्हणजे आपला आदराचा तुम्ही. ऐकायला इंग्रजी ‘यू’च्या जवळपास, आणि मुळात दोघांचं नातंही आहे.) इंग्रजीतही त्यांनी तोच मान दिला, "यू सिट!" आपण ‘तुम्ही’ घातलं की आदर वाढतो, इंग्रजीत आज्ञेपुढे ‘यू’ घातलं की दम दिल्यासारखं होतं. शेवटी सगळ्यांकडून ‘हॅव्ह अ सीट’ घोकून घेतलं.

नकाराची वेगळीच गंमत. इथे खिडक्यांवर पाटी असते, ‘हिर खेन फीट्सन प्लाट्सन’. येथे सायकली ठेवू नयेत. क्रियापद थेट शेवटी, अगदी आपल्या पाट्यांसारखं! मला घरच्यासारखं वाटतं, पण वर्गात त्याचं ‘हिअर नो बाइक्स प्लेस’ होतं. ‘डोन्ट’ बसवायला दोन गुरुवार गेले. तो जमला तर ‘बी’ आडवा आला. प्रश्न विचारताना ‘बी’ला ‘डू’ लागत नाही, मग ‘डोन्ट बी लेट’मध्ये कुठून आला? म्हणून सगळे ‘बी नॉट लेट’ म्हणत राहिले. ऐकायला जुन्या बायबलासारखं.

एकदा पाककृती लिहायला दिली. आजीबाईंच्या वहीत सगळं ‘सोलणे, शिजवणे’ असं असतं, आपल्याकडच्या ‘कांदा बारीक चिरून घ्यावा’सारखं, आज्ञा कोणालाच नाही. त्यांच्या इंग्रजीत झालं, "पोटॅटोज पील, कुक, स्टँप." डच ‘स्टांपन’ म्हणजे कुस्करणं, इंग्रजी ‘स्टँप’ म्हणजे पाय आपटणं. बटाट्यांवर नाचणाऱ्या आजी डोळ्यांपुढे आल्या आणि मला हसू आवरेना.

आजोबा ईस्टरला लीड्सला जाऊन आले. ‘हॅव्ह अ सीट’ त्यांनी बरोबर वापरलं म्हणे, सून खूश झाली. आता तीच फोनवर त्यांना ‘डू मार’ म्हणते, म्हणजे करा की. पण चहाचा कप पुढे करताना आजोबा अजून "प्लीज" म्हणतात, कारण डचमध्ये वस्तू मागताना आणि देताना शब्द एकच, ‘आल्स्टुब्लीफ्ट’. सून दर वेळी थबकते, आता यांना आणखी काय हवंय?