वेतोबाचा जोड

माझ्या पहिल्या बोटीच्या वेळी आई नवस बोलली होती. फेडायला मी पंधरा वर्षं लावली.

वेंगुर्ल्याहून आरवलीपर्यंत चालत जायचं आणि वेतोबाला चपलांचा जोड वाहायचा. मुद्दाम करून घेतलेला जोड, एकेक चप्पल हातभर लांब. पोतं खांद्यावर घेतलं तसा कोऱ्या चामड्याचा वास शर्टात भिनला. मोचेमाडच्या घाटीत माझ्याच चपलेचा अंगठा तुटला. पोत्यात धडधाकट जोड, आणि मी तापलेल्या डांबरावर अनवाणी! देवाच्या वस्तूत पाय कसा घालणार?

सोबतची मावशी हसत म्हणाली, "तेका रोज रात्री चलाचा लागता, तुका एकच दिस."

वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. असला देव फक्त आपलाच, असं मला वाटायचं. मग एकदा बोट ग्रीसच्या कॉर्फू बेटाला लागली. तिथे संत स्पिरिदोन. चौथ्या शतकातला सायप्रसचा बिशप, त्याचा देह चर्चमध्ये चांदीच्या पेटीत जपलेला. तोही रात्री लोकांच्या मदतीला बाहेर पडतो म्हणे! त्याच्या सपाता झिजतात, मग नव्या घालतात आणि जुन्यांचे तुकडे भक्तांना प्रसादासारखे वाटतात. मी तिथे उभ्या उभ्या हसलो. सोबतच्या केरळी दोस्ताला वाटलं, याला ऊन लागलं.

पुढे मेक्सिकोच्या एका खलाशाने बाळ येशूचं सांगितलं. सांतो निन्यो दे अतोचा, हातात टोपली आणि पाण्याचा भोपळा. कैद्यांना अन्न पोचवत रात्रभर हिंडतो, म्हणून लोक त्याला लहान मुलांचे बूट वाहतात. ग्रीकांच्या हर्मीस देवाच्या पंखवाल्या चपला मात्र कधी झिजल्याचं ऐकिवात नाही. उडणाऱ्याचं काय जातं?

आरवलीला पोचलो तेव्हा पायाला फोड आलेले. आत केळ्यांचे घड आणि समोर उंचापुरा वेतोबा. आधीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. जोड पायाशी ठेवला. शेजारी कुणीतरी आधी वाहिलेला जोड होता. मी नजर चुकवून एक चप्पल उलटी केली. टाचेची बाहेरची कड घासलेली होती, अगदी आईच्या चपलेसारखी.

"तुझो जोड खंय?" माझ्या पायांकडे बघत एका आजोबांनी विचारलं.

मी पोतं झटकलं आणि शिरोड्याच्या बाजारात स्लिपर घ्यायला निघालो.