'एवढी एक खाच होऊ दे, मग धार लावू'

आजचा दिवस खाचा पाडण्यात गेला आणि सुतारकामातली सगळ्यात चिवट खोड पुन्हा दिसली. पटाशी (खाच पाडायचं सपाट पात्याचं हत्यार) बोथट झालीय हे कळतं, तरी 'एवढी एक होऊ दे'. ती एक कधीच एक नसते.

बोथट पात्याला जोर जास्त लागतो, जोर लावला की पटाशी सटकते आणि पुढे नेमका दुसरा हात असतो. लाकडाच्या टोकाकडच्या बाजूला तर तंतू कापलेच जात नाहीत, चिरडतात. ओळखायला सोपं आहे: कड दिव्याखाली धरा, पांढरी रेघ चमकली की धार गेली. धारेचा उतार 25 अंशांचा असेल तर फक्त टोकाला 30 अंशांत, धार लावायच्या 1000 नंबरच्या दगडावर 8-10 हात मारा. पात्याच्या पाठीकडून, म्हणजे सपाट बाजूने, बोटाला खरखरीत कड लागली की 6000 नंबरच्या बारीक दगडावर घ्या. शेवटी पाठ दगडावर सपाट टेकवून ती कड काढा. पाठ उचलली की मेहनत पाण्यात.

दुसरी खोड टेपची. टोकाची आकडी हलते म्हणून 10 सेंमीपासून मोजायचं आणि वजा करायला विसरायचं! अहो, ती मुद्दाम सैल असते, स्वतःच्या जाडीइतकी. आतलं आणि बाहेरचं दोन्ही माप बरोबर यावं म्हणून.

सांध्यातून बाहेर आलेला ग्लू बोटाने फासणाऱ्यांना काय सांगावं? पॉलिश लागलं की डाग स्वतःच बोलतो.