आईच्या खुब्याचं ऑपरेशन आणि त्यानंतरचे महिने

आई उभ्या उभ्या पडली आणि मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या गोळ्याखालचा अरुंद भाग, मोडली. तुकडा सरकला होता, त्यामुळे स्क्रू लावून भागणार नव्हतं. ऐंशी ओलांडलेल्या बाईचं ऑपरेशन करायचं का, यावर घरात बराच खल झाला. शेवटी डॉक्टरांनी समजावलं ते पटलं. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या याच मानेवरून जातात. त्या तुटल्या की हाड जुळण्याची खात्री नसते आणि गोळा हळूहळू निकामी होऊ शकतो. म्हणून गोळा काढून धातूचा बसवायचा, तो ज्यात फिरतो ती वाटी मूळचीच ठेवायची. पूर्ण सांधा बदलायचा तर ऑपरेशन लांबतं आणि सांधा निखळण्याचा धोकाही वाढतो. आई आधीपासूनच घरापुरती चालायची, तिला अर्धा सांधा पुरेसा होता.

त्यांनी आकडेही लपवले नाहीत. अशा फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण 20 ते 30 टक्के वृद्ध दगावतात आणि वाचलेल्यांपैकी जेमतेम निम्मे पूर्वीसारखे चालतात. ऐकून पोटात गोळा आला, पण आधी कळलं ते बरंच झालं. अंथरुणात पडून राहणंच जास्त घातक असतं. न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा. त्यामुळे शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन करतात.

ऑपरेशन नीट पार पडलं. खरी परीक्षा त्या रात्री होती. आई मला ओळखेना, सलाइनची नळी ओढू लागली, कुणाकुणाला हाका मारू लागली. या वयात ऑपरेशननंतर असा भ्रम पुष्कळांना होतो, हे आम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तिचा चष्मा आणि कानाचं यंत्र परत लावलं, दिवसा पडदे उघडे ठेवले, घरातलं एक माणूस सतत जवळ बसलं, वेदनेचं औषध वेळेवर दिलं. हळूहळू ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशीच फिजिओथेरपिस्टने तिला वॉकर धरून उभं केलं. सांधा सिमेंटने बसवलेला, त्यामुळे पायावर पूर्ण भार द्यायला परवानगी होती. छेद मागच्या बाजूने असल्याने, सांधा निखळू नये म्हणून मांडी घालून बसणं, पायावर पाय टाकणं, फार वाकणं बंद. घरी कमोडची सीट उंच केली. वॉकरवरून ती काठीवर आली. बाहेर एकटी मात्र आता जात नाही.

एक गोष्ट मनाला लागली. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं म्हणजे ते ठिसूळ झालेलंच असणार. तरी डिस्चार्जच्या कागदावर वेदनेच्या गोळ्या होत्या, गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं होती, हाडांसाठी काहीच नव्हतं. आम्ही विचारलं, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं आणि मूत्रपिंडाची तपासणी करून हाडांची झीज रोखणारं, वर्षातून एकदा शिरेतून घ्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडही. एक खुबा असा मोडलेल्या माणसाचा दुसराही मोडण्याचा धोका बराच असतो. तुमच्या घरात असं ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर हाडांचं औषध आहे का, एवढं आजच बघा.