सावित्रीबाईंच्या बागेतला पार

१९ डिसेंबर

३ जानेवारी, सावित्रीबाई फुल्यांची जयंती, पंधरा दिवसांवर आली. खानदेशात जिथे जिथे सावित्रीबाईंच्या नावाची बाग आहे, तिथे आता झाडलोट होईल, पुतळा धुतला जाईल. पण बाग बघायची ती मे महिन्यात, दुपारी तीनला, पारा ४४ वर असताना. त्या वेळी एखादी बाई तिथे टेकू शकते का?

गावच्या पारावर पुरुष बसतात, बाई खाली मान घालून पुढे जाते. म्हणून या बागेत पार हवाच. कडुनिंब बसायच्या जागेच्या पश्चिमेला लावावा, म्हणजे उन्हं कलली की सावली नेमकी तिथे येते. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. मातीत दोन घमेली शेणखत. रोप पहिल्या दमदार पावसानंतर. पार बांधताना खोडाभोवती दोन फूट जागा मोकळी सोडायची. खोडाला माती चढवली की साल कुजते आणि दहा वर्षांचं झाड उभं वाळतं. लोखंडी बाक नकोतच, दुपारी त्यांना हात लावता येत नाही.

पुतळ्याचा चौथरा तडकतो तो काळ्या मातीमुळे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. फुलझाडांची ठिबक चौथऱ्याला खेटून असली तर एक बाजू ओली, दुसरी कोरडी राहते आणि चौथरा कलतो. नळी चार फूट लांब ठेवावी. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर क्षाराने बुजतात, म्हणून पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडावं.

मेंदीचं कुंपण कमरेच्या वर जाऊ देऊ नये. दिवे फांद्यांच्या खाली, दहा-बारा फुटांवर. उंच खांबाचा उजेड पानांवरच अडतो आणि पारावर अंधार होतो. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर बायका येणारच नाहीत.

फलकावर बहुधा '१८४८, मुलींची शाळा' एवढंच असतं. १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृहही कोरा. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे बाळंतपणासाठी आसरा होता. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या, तेही कोरा. चिकटवलेली अक्षरं उन्हाने सुटतात. ग्रॅनाइटवर खोल कोरून पांढरा रंग भरावा. फलकाचा खालचा काठ जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवावा, तिसरीतल्या मुलीला अक्षरांवरून बोट फिरवत वाचता येईल असा.